खडकपूर्णेच्या काठी मिळालेला धडा

माझं माहेर रत्नागिरीचं. बांगडा, सुरमई, पापलेट यांच्या वासात वाढले. लग्न होऊन चिखलीला आले तेव्हा मासा म्हणजे आपलाच प्रांत, असा माझा समज होता. पहिल्याच बाजारात तो उतरला. टोपलीतला एकही मासा मला ओळखता येईना.

आपला बुलढाणा जिल्हा कोरडवाहू म्हणून ओळखला जातो, पण त्याच्या नद्या दोन खोऱ्यांत वाहतात. घाटाखालची पूर्णा तापीला मिळते. घाटावरची पैनगंगा आणि खडकपूर्णा गोदावरीच्या कुळातल्या. खडकपूर्णेवर देऊळगाव महीजवळ मोठं धरण आहे. संत चोखामेळ्यांचं जन्मगाव मेहुणा राजा याच तालुक्यातलं, म्हणून या जलाशयाला संत चोखासागर म्हणतात.

पाऊस संपल्यावर एका रविवारी आम्ही सगळे तिथे गेलो. सोबत अम्मी, म्हणजे माझ्या सासूबाई, होत्या. काठावर मच्छीमार थर्माकोलच्या तराफ्यांवरून नुकतेच परतले होते. अम्मींनी जाळ्यातले मासे दाखवत माझी शाळाच घेतली.

डोकं मोठं आणि तोंड वर वळलेलं, तो कतला. तो पाण्याच्या वरच्या थरात खातो. डोकं लहान, ओठ झालरीसारखे आणि परांवर लाली, तो रोहू; तो मधल्या थरातला. अंगाने सडपातळ, रुपेरी, तळाशी चरणारा तो मृगळ. हे तिघे मूळचे उत्तरेकडच्या नद्यांचे. आपल्याकडे त्यांचं बीज सोडून त्यांना वाढवलं जातं. मिशावाला, बिनखवल्यांचा तो शिंगाळा. त्याच्या पराचा काटा हाताला लागला तर चांगलाच ठणकतो. सापासारख्या डोक्याचा मरळ पाण्याबाहेरही बराच वेळ जगतो. लांबट वाम पाहून मी मागे सरकले, तशा अम्मी हसल्या, “साप नाही गं, मासाच आहे. हलाल आहे.”

झिंग्यांवरून मात्र आमच्या घरात दोन मतं. कोकणात आम्ही शाफई, झिंगे बेधडक खातो. हनफी उलमांमध्ये त्यावर मतभेद आहेत, म्हणून अम्मी घेत नाहीत. आपोआप मरून पाण्यावर उलटा तरंगणारा मासाही हनफी मसलकात खात नाहीत. आरोग्याच्या दृष्टीनेही तो टाळलेलाच बरा. डोळे चमकदार, कल्ले लाल आणि बोटाने दाबल्यावर मांस घट्ट लागलं, तरच मासा ताजा.

हे चाललं असताना आमच्या धाकट्याने पलीकडे गळ टाकला होता. गळ मीच घेऊन दिला होता. एक वयस्कर मच्छीमार जवळ आले.

“ताई, पोराची हौस कळते. पण हा तलाव आमच्या संस्थेच्या ठेक्यात आहे. पावसाळ्यात बोटुकली आम्ही पैसे भरून सोडली.”

मी म्हणाले, “काका, पाणी अल्लाहचं, मासाही त्याचाच.”

“वावर बी त्याचंच हाय की. मग तुमच्या वावरातला हरभरा कोणी उपटून नेला तर चालंल का?”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पाण्यातली शिकार हलाल असल्याचं कुरआनात सूरह माइदामध्ये आलेलं आहे, हे मला पाठ होतं. पण दुसऱ्याचा माल त्याच्या राजीखुशीशिवाय घेऊ नये, ही रसूलुल्लाह सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांची शिकवणही मला ठाऊक होती. मासा हलाल असला तरी तो कोणत्या वाटेने ताटात येतो, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

काकांनी मग मुलाला बरंच सांगितलं. आपल्या राज्यात पाटबंधाऱ्याचे तलाव मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात, त्यामुळे आधी संस्थेला विचारायचं. सुरुंग लावून किंवा पाण्यात विष टाकून मासे मारणं 1897 च्या कायद्यापासूनच गुन्हा आहे. त्यात पिल्लांसकट सगळं मरतं आणि तेच पाणी माणसं-गुरं पितात. जाळ्यात लहान मासा आला तर परत सोडायचा. पावसाळ्यात मासे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, तेव्हा त्यांची वाट अडवायची नाही. मरळीची तांबूस पिल्लं थव्याने फिरतात आणि आई-बाप त्यांची राखण करतात. त्या वेळी मोठी मरळ मारली की अख्खा थवा अनाथ होतो. आणि आफ्रिकी मांगूर, ज्याला बाजारात थाई मांगूर म्हणतात, तो कुठेही सोडायचा नाही. तो दुसऱ्या माशांना खाऊन टाकतो. केंद्र सरकारने 2000 साली त्याच्या पालनावर बंदी घातली आहे.

मुलाने गळ गुंडाळला. त्याच्या डबक्यात एक बोटभर रोहू होता. कोणी न सांगता त्याने तो पाण्यात सोडला. मी काकांची माफी मागितली आणि दोन किलोचा कतला तोलून, पैसे देऊन घेतला.

रात्री अम्मींनी वऱ्हाडी तिखट रस्सा केला, सोबत ज्वारीची भाकरी. बिस्मिल्लाह म्हणून पहिला घास घेताना मुलगा म्हणाला, “अम्मी, आज मासा पूर्ण हलाल आहे ना?”

बाजारातून आणलेल्या प्रत्येक पिशवीबद्दल मोठ्यांनी स्वतःला विचारावा, असाच तो प्रश्न होता.