नटांची युनियन आणि कोरसवाली बाई

गिरणीत युनियन होती, गोदीत आहे, रेल्वेत आहे, महापालिकेच्या सफाई खात्यात आहे. आपल्या वस्तीत युनियनची पावती फाडलेला माणूस घराआड एक सापडेल. पण नाटकात काम करणाऱ्यांची, गाणाऱ्या-नाचणाऱ्यांची युनियन असते असे सांगितले की आपलीच माणसे हसतात. "गाणं म्हणायला कसली आली युनियन? तो तर हौसेचा मामला!" हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकले असेल त्याला गणती नाही.

आम्ही म्हणजे एका साध्या गायन पार्टीतली माणसे. एक गायक, एक पेटीवाला, एक ढोलकीवाला, एक बेंजोवाला आणि मागे कोरसला दोन बायामाणसे. दिवसा नोकरी नाहीतर मजुरी आणि रात्री कार्यक्रम. हौस आहेच, नाही कशाला म्हणा? पण रात्रभर घसा फोडून सकाळी पुन्हा कामावर जाणाऱ्या माणसाच्या हौसेला पोटही असते. म्हणून वाचक बंधू-भगिनींनो, हौस आणि हक्क यांचा हिशेब एकदा नीट मांडावा, यासाठी आज एका युनियनची हकीकत सांगतो.

त्यासाठी जरा लांब, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात जावे लागेल. तिथे ब्रॉडवे नावाचा रस्ता आहे. त्याच्या आजूबाजूला मोठमोठी नाट्यगृहे आहेत. तिथे नाव झाले म्हणजे देशभर नाव झाले. 26 मे 1913 रोजी त्या शहरातल्या एका हॉटेलात 112 नट-नट्या जमल्या आणि त्यांनी 'ॲक्टर्स इक्विटी असोसिएशन' ही संघटना स्थापन केली. फ्रान्सिस विल्सन नावाचा विनोदी नट तिचा पहिला अध्यक्ष झाला. त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात आपले बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकायला त्याच शहरात उतरले होते. इक्विटी या शब्दाचा अर्थ न्याय्य वागणूक. नटांनी आपल्या संघटनेला हेच नाव का दिले, ते त्यांची तेव्हाची दशा पाहिली म्हणजे कळते.

आठवडेच्या आठवडे तालमी चालत, पण तालमीचा एक पैसा मिळत नसे. नाटक उभे राहिले आणि चार दिवसांत पडले, तर ती सगळी मेहनत फुकट. नटीला लागणारे कपडे, बूट तिनेच विकत घ्यायचे. जादा खेळ लावला तरी त्याचा वेगळा मोबदला नाही. सगळ्यात वाईट प्रकार दौऱ्यावर होई. नाटक घेऊन दूरच्या गावी जायचे, तिथे धंदा झाला नाही की मालक गल्ला उचलून रातोरात पसार. नट मंडळी परक्या गावात, हातात पगार नाही आणि परतीच्या गाडीचे भाडेही नाही.

हे वाचताना आम्हाला आमची एक रात्र आठवली. एका तालुक्याच्या गावी कार्यक्रमाची सुपारी होती. निम्मी बिदागी आधी आणि निम्मी कार्यक्रम संपल्यावर, असे तोंडी ठरले होते. रात्री दहाला सुरू झालेले गाणे पहाटे तीनला संपले. लोकांनी वाहवा केली, नोटाही लावल्या, त्या तिथेच मंडळाच्या पेटीत गेल्या. आम्ही वाद्ये बांधून उभे राहिलो तो आयोजक गायब. मंडपवाला म्हणाला, मलाही शोधायचाय. शेवटी ढोलकी उशाला घेऊन एसटी स्टँडच्या फरशीवर पडून राहिलो. सकाळच्या पहिल्या गाडीची तिकिटे कशी निघाली? कोरसला गाणाऱ्या आमच्या वहिनींनी घरच्या रेशनसाठी पदराच्या गाठीला बांधून ठेवलेल्या पैशांतून. गावोगावच्या पार्ट्यांना विचारा, अशी एखादी रात्र प्रत्येकाजवळ असते. आणि प्रत्येक पार्टी ती रात्र आपली आपणच गिळते.

न्यूयॉर्कच्या नटांनी ती गिळली नाही, एवढाच फरक. सहा वर्षे अर्ज-विनंत्या झाल्या. मालकांनी एकजूट करून संघटनेशी बोलायचेच नाकारले. तेव्हा 7 ऑगस्ट 1919 रोजी नट संपावर गेले. पडदा उघडायच्या वेळेला रंगमंच रिकामा! संप 30 दिवस चालला आणि आठ शहरांत पसरला. 37 नाटके बंद पडली, नवी 16 नाटके सुरूच होऊ शकली नाहीत.

हा संप यशस्वी कसा झाला? नामवंत नट उतरले म्हणून, असे इतिहासात वाचायला मिळते आणि ते खरेही आहे. एथेल बॅरीमोरसारखी त्या काळची सर्वांत नावाजलेली नटी संपकऱ्यांच्या बाजूने उभी राहिली. त्यांनी वेगळे खेळ करून संपासाठी पैसा उभा केला. पण नामवंत तर दोन्हीकडे होते. जॉर्ज कोहान हा लोकांचा लाडका नट-गायक-नाटककार. तो स्वतः निर्माताही होता. तो मालकांच्या बाजूला गेला आणि 1942 साली मरेपर्यंत इक्विटीचा सभासद झाला नाही. मग पारडे फिरले कुठे?

ते फिरले कोरसमध्ये. कोरस म्हणजे मागच्या रांगेत नाचणाऱ्या-गाणाऱ्या मुली. त्यांची नावे जाहिरातीत नसत, पगार सगळ्यात कमी आणि एक गेली तर दारात दहा उभ्या. मालकांचा हिशेब असा की या गरीब पोरी संपावर टिकणार नाहीत. संप सुरू झाल्यावर आठवड्याभरात याच मुलींनी आपली 'कोरस इक्विटी' संघटना उभी केली. मेरी ड्रेसलर ही तिची अध्यक्ष झाली. ती त्या वेळी मोठी नटी होती, पण कोरसमधल्या हालांची तिला जाण होती. पुढे रंगमंचावरचे कामगार आणि वादकही नटांच्या पाठीशी उतरले. पडदा ओढणारा नाही, दिवा लावणारा नाही, वाजवणारा नाही. नाटक करणार कसे? सप्टेंबर 1919 मध्ये मालकांनी सही केली. संपाआधी इक्विटीचे सुमारे 3 हजार सभासद होते, ते संपानंतर सुमारे 14 हजार झाले.

त्या सहीतून पुढे काय काय मिळत गेले, ते घरच्या माणसांना समजेल असे सांगतो. 1924 पासून निर्मात्याने खेळ सुरू करण्याआधीच पगाराची आणि परतीच्या भाड्याची रक्कम तारण म्हणून जमा करायची, असा नियम लागू झाला. म्हणजे मालक पळाला तरी नट परक्या गावात अडकणार नाही. 1930 च्या दशकात किमान वेतन आले, तालमीचे पैसे मिळू लागले. 1960 च्या जून महिन्यात ब्रॉडवे पुन्हा बंद पडला आणि त्यातून म्हातारपणीच्या पेन्शनची सोय झाली. टाळ्या तर आधीही मिळत होत्या. पण टाळ्यांवर म्हातारपण निघत नाही.

इथवर ही हकीकत गोड वाटते. पण तिला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्या वाचकांपासून लपवून चालणार नाही.

1919 च्या त्या संपात बर्ट विल्यम्स नावाचा एक कलावंत होता. जन्म बहामा बेटांवरचा, वर्णाने काळा. ब्रॉडवेच्या सर्वांत गाजलेल्या खेळात 1910 पासून तो गोऱ्या नटांबरोबर कामाला होता. लोक हसून हसून लोळत असे त्याचे काम. संपाच्या दिवशी तो रोजच्यासारखा आला, रंग लावला, पोशाख चढवला आणि बाहेर येऊन पाहतो तो समोर सगळ्या खुर्च्या रिकाम्या. संप सुरू झाला होता आणि त्याला कुणी सांगितलेच नव्हते! तो परत खोलीत गेला आणि तोंडाचा रंग धुऊन टाकला. ही हकीकत त्याच्या चरित्रात नोंदलेली आहे. शेकडो माणसे न्याय्य वागणुकीसाठी रस्त्यावर उतरली होती, पण त्यांच्यातल्या एकाच्याही मनात आले नाही की या माणसालाही निरोप द्यावा.

आपल्या लोकांना हे नवे नाही. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसांना घेत नसत. तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून विटाळाचे कारण पुढे केले जाई. 1928 च्या मोठ्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हाच प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांपुढे टाकला. कामगार एक, तर मग खाते वेगळे का? कोरसच्या मुलींनी संप जिंकून दिला, तरी त्यांची संघटनाही 1955 पर्यंत वेगळीच राहिली. घर एक आणि चुली दोन.

पण इक्विटीची गोष्ट इथे थांबत नाही. वॉशिंग्टन ही अमेरिकेची राजधानी. तिथे राष्ट्राध्यक्षांच्या निवासापासून जवळच 'नॅशनल थिएटर' आहे. त्या नाट्यगृहात कृष्णवर्णीय माणसे रंगमंचावर गाऊ शकत, पण तिकीट काढून खुर्चीत बसू शकत नसत. 1936 साली 'पोर्गी अँड बेस' हा संगीत खेळ तिथे आला. त्यातला प्रमुख गायक टॉड डंकन कृष्णवर्णीय होता. माझी माणसे जिथे बसू शकत नाहीत तिथे मी गाणार नाही, अशी भूमिका त्याने घेतली. सोबतचे कलावंतही त्याच्यामागे उभे राहिले. मालकांना नमावे लागले. पण खेळाचे दिवस संपले आणि दार पुन्हा बंद झाले.

एकट्या पार्टीची ताकद एवढीच असते. दार उघडते, पण उघडे राहत नाही.

पुढे 1947 साली सबंध इक्विटीने ठरवले की जोवर हा भेद चालू आहे, तोवर आमचा सभासद त्या नाट्यगृहात काम करणार नाही. मालकाने भेद सोडला नाही, नाटके सोडली. 1948 मध्ये त्याने तिथे सिनेमे लावले. राजधानीतल्या इतक्या मोठ्या नाट्यगृहात चार वर्षे नाटक झाले नाही. त्यात नटांची रोजीही बुडाली, हे ध्यानात घ्या. त्यातले बहुतेक नट गोरे होते. आपल्याला मोकळ्या असलेल्या दारासाठी नव्हे, दुसऱ्याला बंद असलेल्या दारासाठी त्यांनी ते सोसले. 1952 साली नाट्यगृह पुन्हा नाटकांसाठी उघडले, ते सर्वांसाठी उघडले.

आणि 1964 साली फ्रेडरिक ओनील इक्विटीचे अध्यक्ष झाले. मिसिसिपी राज्यात जन्मलेला कृष्णवर्णीय नट. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत त्यांनी 1940 साली सहकाऱ्यांबरोबर 'अमेरिकन निग्रो थिएटर' उभे केले होते. सिडनी पॉटिए, हॅरी बेलाफॉन्टे यांच्यासारखे पुढे जगभर नावाजलेले कलावंत त्यात तयार झाले. ज्या संघटनेने बर्ट विल्यम्सला निरोप दिला नव्हता, तिच्या खुर्चीवर ओनील 1973 पर्यंत बसले.

म्हणजे सगळे संपले का? नाही. 2017 साली या संघटनेने कामे कुणाला मिळतात याची आपलीच आकडेवारी तपासून छापली. स्त्रियांना आणि कृष्णवर्णीयांसह इतर गौरेतर कलावंतांना कामे कमी आणि पैसेही कमी, असे त्यात दिसले. पूर्वी इक्विटीचे काम मिळाल्याशिवाय सभासद होणे अवघड आणि सभासद नाही म्हणून काम मिळणे अवघड, असे चक्र होते. 2021 साली संघटनेने ही अट सैल केली. नाटकात पैसे घेऊन काम केल्याचे दाखवू शकेल त्याला दार उघडले. आज तिचे सभासद 50 हजारांहून अधिक आहेत.

एवढी लांबची हकीकत सांगण्याचे कारण सांगून थांबतो. आम्हाला तिच्यात युनियनचे एकच माप सापडले. गायकाला किती मिळाले यावर युनियन मोजू नये. मागच्या रांगेतल्या बाईला निरोप पोहोचला का, तिचे भाडे आधी बाजूला निघाले का, सभेत तिचे मत धरले का, यावर मोजावी. हे माप मोठ्या देशाला लागू, तसेच सहा माणसांच्या पार्टीलाही लागू.

म्हणून आम्ही आजूबाजूच्या पार्ट्यांपुढे तीन साध्या गोष्टी ठेवल्या आहेत. सुपारी तोंडी घ्यायची नाही, कागदावर घ्यायची. येण्या-जाण्याचे भाडे निघण्याआधी हातात पडले पाहिजे. आणि एका पार्टीची बिदागी ज्याने बुडवली, त्याच्या मंडपात दुसऱ्या पार्टीने पेटी उघडायची नाही. ही तिसरी गोष्ट कठीण आहे. घरात पैशाची नड असली की समोरची सुपारी मोठी दिसते. पण पहिल्या दोन गोष्टी तिसरीवरच उभ्या आहेत.

बैठकीची वही आम्ही आणली आहे. पहिल्या पानावर पार्ट्यांची नावे येतील. गायकाचे नाव तर पोस्टरवर असतेच. या वहीत पहिली सही मात्र कोरसला गाणाऱ्या आमच्या वहिनींची आहे.