तेलाच्या विहिरीजवळचं संग्रहालय



सौदी अरबस्तानच्या पूर्व किनाऱ्याजवळ धहरान नावाचं शहर आहे. 1938 साली तिथल्या सात नंबरच्या विहिरीला भरपूर तेल लागलं आणि त्या वाळवंटाचं नशीबच पालटलं. त्याच विहिरीजवळ आता ‘इथ्रा’ हे सांस्कृतिक केंद्र उभं आहे. इमारत म्हणजे एकमेकांना टेकलेले मोठाले गोटेच जणू! 2018 पासून ते सर्वांना खुलं झालं. आत संग्रहालय, ग्रंथालय, नाट्यगृह, ऊर्जेचं प्रदर्शन, आणि मुलांसाठी वेगळं संग्रहालय. तिथं मुलं स्वतःच्या हातानं करून बघतात. शरद ऋतूत ‘तनवीन’ भरतं, तेव्हा प्रदर्शनं नि कार्यशाळा असतात. रमजान-ईदेलाही सहकुटुंब कार्यक्रम होतात.

तेल म्हटलं की आपल्याला कोकण आठवायचंच. आपले वाडवडील घाण्यावर तेल गाळायचे आणि शब्बाथला घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. पण आज आपल्या किती नातवंडांनी घाणा पाहिलाय? आपलं तेल कुठून आलं, हे धहरानची मुलं विहिरीजवळच शिकतात. आपल्याकडे ती विहीर म्हणजे आजी-आजोबाच. तेव्हा मुलांनो, या शब्बाथला जेवणं झाली की त्यांना विचारा, घाण्याचा बैल कसा फिरायचा?