चांगलं काँक्रीट कशाला फोडताय?

‘जुन्या-नव्याचा संगम’ हे शब्द आपल्या मंडळाच्या निबंधस्पर्धेत दरवर्षी चार-पाच वह्यांत तरी सापडतात. पण जुन्याला नवं खरोखर जोडायचं तर किती जागा लागते, हे मला गेल्या उन्हाळ्यात आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये कळलं.

आमची बिल्डिंग वास्कोतली, १९८०च्या दशकात बांधलेली. खाऱ्या वाऱ्यातलं मीठ वर्षानुवर्षं काँक्रीटमध्ये झिरपत राहतं. एरवी काँक्रीटच्या अल्कधर्मी गुणामुळे आतली सळई गंजत नाही. पण मीठ तिच्यापर्यंत पोचलं की ते संरक्षण तुटतं. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, म्हणून काँक्रीट आतून फुटतं. आमच्या एका बीमचा तळाचा थर असाच सुटला आणि खालच्या स्कूटरच्या सीटवर पडला. स्कूटरवर कोणी नव्हतं म्हणून निभावलं.

आतली सळई मधोमध फूटभर गंजली होती. बोटाएवढी जाड होती ती पेन्सिलीएवढी उरली होती. सोसायटीच्या बैठकीत एकजण म्हणाले, “फूटभर तर आहे, नवा तुकडा बांधा आणि गिलावा मारा.” दुसरे म्हणाले, “वेल्डिंग करून टाका.” इंजिनिअरनं मात्र गंजाच्या दोन्ही बाजूंना अडीच-अडीच फूट चांगलं काँक्रीट फोडायला सांगितलं. खर्च वाढला, वर्गणीही वाढली. बाबा सेक्रेटरी, त्यामुळे वही घेऊन सह्यांसाठी दारोदार फिरायचं काम माझ्याकडे आलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी पेन्शनवर राहतात. त्यांनी सरळ विचारलं, “अरे, चांगलं आहे ते कशाला फोडताय?” याचं उत्तर मला देता येईना. ते विचारायला मी खाली गेलो.

सळईचं काम करणारे फिटरकाका बेळगावकडचे. जुन्या सळईला नवी सळई तारेनं बांधतात, म्हणजे तारच तिला धरते ना, असं मी विचारलं. ते हसले. “तार न्हवं रे, काँक्रीट धरतंय. तार नुसती जागेवर ठेवतीय.”

मग त्यांनी आणि इंजिनिअरनं मिळून मला समजावलं. जुन्या सळईतली ओढ आधी भोवतीच्या काँक्रीटमध्ये उतरते आणि काँक्रीट ती शेजारच्या नव्या सळईला देतं. ही देवघेव एका ठिकाणी होत नाही. त्यासाठी दोघी पुरेशा लांबीपर्यंत शेजारी शेजारी असाव्या लागतात. एम-२० काँक्रीट आणि फे-४१५ सळई धरली, तर आयएस ४५६ या भारतीय मानकाच्या हिशेबानं ही लांबी सळईच्या जाडीच्या सुमारे ४७ पट येते. आमची सळई १६ मिलिमीटरची, म्हणजे साधारण ७५२ मिलिमीटर. झाले अडीच फूट! आणि ही लांबी न गंजलेल्या, धडधाकट सळईवरच मोजायची.

वेल्डिंग का नको, तेही कळलं. आमची जुनी सळई पीळ दिलेली आहे. थंड असताना पिळल्यामुळेच तिच्यात जास्तीची ताकद आलेली असते, आणि वेल्डिंगच्या उष्णतेनं ती उतरते.

बीम फोडण्याआधी खाली लोखंडी टेकू लावून भार कमी केला. तसं केलं नाही तर नवी सळई बसते खरी, पण आधीपासून असलेल्या भारातलं काहीच ती उचलत नाही. मग जुन्या सळईच्या मागे बोट फिरेल इतकं काँक्रीट काढलं आणि लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं.

मी वर जाऊन आजींना दोन उदबत्त्या शेजारी धरून हे सगळं दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, “म्हणजे गंगावनासारखं म्हण की. आपल्या केसांत बरंच वरपासून गुंफलं नाही तर ते गळून हातात येतं.” मी एवढा वेळ समजावत होतो, ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं. त्यांनी दोन हप्त्यांत वर्गणी द्यायचं कबूल करून सही केली. नंतर ज्यांनी ज्यांनी तोच प्रश्न विचारला, त्यांना मी गंगावनाचंच उदाहरण दिलं.

आता त्या बीमवर सहा फुटांचं फिकट ठिगळ दिसतं. गंज होता फूटभर. पण काम तिथंच संपलेलं नाही. ठिगळाच्या दोन्ही बाजूंच्या जुन्या काँक्रीटमध्ये मीठ अजून आहेच, आणि दुरुस्तीनंतर गंज बऱ्याचदा तिथं, नव्या-जुन्याच्या सीमेलगत, पुन्हा सुरू होतो, असं इंजिनिअरनं बजावलंय. म्हणून पाऊस सरला की बाबा टॉर्च घेऊन खाली उतरतात. ठिगळ ते बघतही नाहीत. त्याच्या दोन्ही कडांपलीकडचा जुना भाग हातोडीनं हलकेच वाजवून पाहतात. आवाज पोकळ येत नाही ना, एवढंच ऐकायचं असतं.