बापाच्या व्हिसावरची मुलं

दुबई

प्रिय वहिनी,


दादाला शारजात नोकरी लागली, फार बरं झालं. पण तेरा वर्षांची लेक इथे येऊन संस्कार विसरेल, ही तुमची धास्ती मला चुकीच्या जागी वाटते. इथे सीबीएसईच्या शाळा भरपूर. नववीपर्यंत अरबी शिकावंच लागतं, आणि 2017पासून नीतिशिक्षणाचा विषय सरकारनंच अभ्यासक्रमात घातलाय! घरोघरी गणपती बसतात, महाराष्ट्र मंडळाचे कार्यक्रम होतात.

अडचण दुसरीच आहे. इथे जन्मलं म्हणून परदेशी मुलाला नागरिकत्व मिळत नाही. मूल बहुधा बापाच्या व्हिसावर राहतं आणि बापाचा व्हिसा त्याच्या नोकरीवर. 2022पर्यंत मुलगा 18 वर्षांचा झाला की, शिकत नसेल तर, त्या व्हिसातून बाहेर पडायचा; आता मर्यादा 25 आहे. मुलीला वयाची अट नाही, फक्त ती अविवाहित हवी. (कायद्याचे विचार आपल्या आजीसारखेच!)

दुबईत वाढलेल्या पोराला नागपूर माहीत असतं ते सुट्टीपुरतं, पण ‘शेवटी तिकडेच जायचंय’ हे तो लहानपणापासून ऐकतो. उन्हाळा आला की वर्गातलं कुणीतरी कायमचं परत जातं, कारण वडिलांचा करार संपलेला असतो. मैत्रीण गेल्यावर मुलगी गप्प होते. आणि घरच्यांना काळजी कशाची, तर ती शुभंकरोती म्हणते की नाही याची.

मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी आणि सहकाऱ्यांनी 13 देशांतल्या पाच हजारांहून अधिक स्थलांतरित मुलामुलींचा अभ्यास 2006मध्ये प्रसिद्ध केला. घरची आणि नव्या देशाची, दोन्ही संस्कृती धरून राहणारी मुलं मनानं आणि शाळेतही जास्त सावरलेली दिसली. त्या यादीत आखाती देश नव्हते. इथे तर नवा देश कायमचा आपला म्हणायची सोयच नाही, म्हणून घरानं तरी मुलांना अंधारात ठेवू नये.

लेकीशी मराठी जरूर बोला, पण तिची परीक्षा घेऊ नका. दहावी कुठे, बारावी कुठे, हे तिच्यासमोर ठरवा. महाराष्ट्रातल्या प्रवेशांना त्यानं फरक पडतो. आखातातल्या भारतीय कामगारांच्या मुलांसाठी अभियांत्रिकीत वेगळ्या जागा असतात, त्यांचे नियम आधीच वाचा. दादाची नोकरी डळमळली तर तेही तिला वेळेवर सांगा. विमानाची तिकिटं काढण्याआधी एकदा तिच्याशी बोला.

तुमचा,
धाकटा दीर