तांबडा-पांढरा, पण कॉर्कचा

आयर्लंडला जाऊन आलेला माणूस हिरवळीबद्दल बोलतो. समुद्रावरचे कडे, शेताशेतांतले दगडी बांध, दिवसभराची झिमझिम, पबमधलं व्हायोलिन. हे सगळं तिथं आहे आणि बघण्यासारखंच आहे. पण करवीर तालुक्यातल्या एका गावच्या दूध संस्थेचा सचिव म्हणून माझी उभी हयात गेली. लेक आणि जावई कॉर्क शहरात नोकरीला आहेत, म्हणून उन्हाळ्यात आम्ही दोघं तिकडं गेलो. माझी नजर आधी जनावरावरच जायची.

तिकडं गाय दावणीला नाही, रानात. हिवाळ्याचे काही महिने तिला शेडमध्ये घेतात, बाकी वर्षभर ती मोकळी चरते. कुरणात गवत जोरानं वाढायला लागतं त्याच सुमाराला, फेब्रुवारी-मार्चमध्ये, सगळ्या गाई विण्याचा बेत असतो. त्यामुळं मे महिन्यात दुधाचा पूर येतो आणि नाताळाच्या तोंडावर बहुतेक गाई आटतात. आपल्याकडं उसाचं वाडं, सरकी पेंड आणि बारमाही धारा. त्यांनी पाऊस गवताला लावला, आपण पाणी उसाला लावलं. हा सगळा फरक तिथून सुरू होतो.

जावयाच्या ऑफिसातल्या एकाच्या वडिलांची शेती मिचेल्सटाउनजवळ आहे. तिथं आम्हाला संध्याकाळच्या धारेला बोलावलं. शंभराच्या वर गाई आणि माणसं दोन, बाप आणि थोरला मुलगा. मधोमध कमरेएवढा खोल खड्डा, दोन्ही बाजूंनी गाई तिरक्या ओळीत उभ्या, त्यामुळं कास बरोबर माणसाच्या छातीपुढं येते. वाकणं नाही, उकिडवं बसणं नाही. सड पुसायचे, चार धारा हातानं काढून दूध बघायचं आणि मशीनचे चारी कप लावायचे. मी विचारून एका गाईच्या सडाला हात लावला. चार बोटं आणि अंगठा आपोआप जागेवर गेले, धार सरळ पडली. म्हातारबाबा हसले आणि मुलाला काहीतरी म्हणाले. लेक म्हणाली, "आबा, ते म्हणतात, हा माणूस आपल्यातला आहे."

मग आमचं जमलं. त्यांचं बिल महिन्याला, फॅट आणि प्रोटीनवर. आमचं दर दहा दिवसाला, फॅट आणि एसएनएफवर, शिवाय दिवाळीला दरफरक. त्यांनी विचारलं, तुमच्या सभासदाच्या गाई किती? मी म्हटलं, कुणाच्या दोन म्हशी, कुणाची एक. वाटीभर दूध घरात ठेवून दोन लिटर घालणारी विधवा बाईही आमची सभासद. तिचंही फॅट रोज लागतं, तिचंही बिल निघतं. लेकीनं हे सांगितल्यावर ते जरा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, आमच्याकडंही लहानपणी असंच होतं. गाढवाच्या गाडीवर दोन कॅन घेऊन माणसं क्रीमरीच्या, म्हणजे लोणी काढणाऱ्या डेअरीच्या, दारात रांग लावायची आणि गावाच्या सगळ्या बातम्या त्या रांगेत कळायच्या. आता टँकर येतो. लहान शेतकरी राहिला नाही आणि रांगही नाही.

सहकारावर त्यांचा आमच्याइतकाच जीव आहे, आणि तो आमच्या आधीपासून. कॉर्कच्या शँडन भागात लोण्याचं संग्रहालय आहे. एकेकाळी इथला लोणी बाजार जगात सगळ्यात मोठा होता. भोवतालच्या डोंगरांतून लाकडी पिंपातून लोणी यायचं, तपासनीस ते चाखून, हुंगून प्रतवारी लावायचे आणि मग ते जहाजावर चढायचं. आपल्या मार्केट यार्डातल्या गुळाच्या सौद्याची मला तिथं राहून राहून आठवण आली. पुढं दूध घुसळण्याआधी साय वेगळी काढणारं यंत्र निघालं, डेन्मार्कचं एकसारख्या प्रतीचं लोणी इंग्लंडच्या बाजारात उतरलं आणि घराघरात घुसळलेल्या आयरिश लोण्याचा भाव पडला. तेव्हा होरेस प्लंकेट नावाच्या सरदार घराण्यातल्या माणसानं शेतकऱ्यांना एकत्र करायचं मनावर घेतलं. १८८९ साली लिमरिक परगण्यातल्या ड्रमकॉलोहर गावात पहिली सहकारी क्रीमरी निघाली. पाच वर्षांत अशा संस्थांची शिखर संघटना उभी राहिली. जॉर्ज रसेल हा कवी तिच्या कामासाठी सायकलवरून खेडोपाडी पतपेढ्या काढत हिंडायचा. स्वातंत्र्याच्या लढाईत, १९२०च्या सुमाराला, ब्रिटिश फौजांनी अशा कितीतरी क्रीमऱ्या जाळल्या. गावाचा कणा कुठं आहे हे जाळणाऱ्यांना बरोबर कळलं होतं. आमचा कोल्हापूर जिल्ह्याचा गोकुळ दूध संघ स्थापन झाला १९६३ साली. त्याच्या आदल्याच वर्षी आयर्लंडनं आपलं लोणी 'केरीगोल्ड' या एका नावानं परदेशी विकायला सुरुवात केली होती.

आता हिरवळीची दुसरी बाजू. रानातून फिरताना मधेच छप्पर नसलेल्या दगडी भिंती दिसतात. पर्यटक थांबून फोटो काढतात. ती माणसांची घरं होती. १८४५ ते १८५२ या काळात बटाट्याच्या पिकावर रोग पडला आणि सुमारे दहा लाख माणसं उपासमारीनं आणि तापानं गेली, जवळजवळ तितकीच देश सोडून निघाली. त्याच काळात धान्य आणि लोणी जहाजातून इंग्लंडला जातच होतं. १८४१ साली त्या बेटावर ऐंशी लाखांच्या वर माणसं होती. तेवढी तिथं आजही नाहीत. कॉर्कजवळच्या कोव्ह बंदरातून पुढं शंभर वर्षं माणसं जातच राहिली. तिथं धक्क्यावर अॅनी मूर या मुलीचा दोन भावांसह पुतळा आहे. १ जानेवारी १८९२ला न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरलेली ती पहिली परदेशी. आम्ही गेलो तेव्हा एक अमेरिकन आजी तिथं डोळे पुसत होत्या. पणजी कुठल्या गावची ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण देश आपला वाटत होता.

हा जिव्हाळा खोटा नाही. पण पणतीच्या रडण्यानं गाव टिकत नाही. गाव कशानं टिकतं ते मला एका रविवारी मैदानावर दिसलं.

हर्लिंग हा त्यांचा खेळ. हातात अॅश झाडाची चपटी काठी, चामड्याचा टणक चेंडू, आणि धावता धावता काठीच्या टोकावर चेंडू तोलत न्यायचा. बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. १ नोव्हेंबर १८८४ला थर्लस गावच्या एका हॉटेलात मायकेल क्युसॅक आणि मंडळींनी गेलिक अॅथलेटिक असोसिएशन काढली, हे देशी खेळ राखायला. आज तिच्या डब्लिनच्या क्रोक पार्क मैदानात ब्याऐंशी हजार माणसं बसतात आणि खेळणाऱ्याला पगार मिळत नाही. ज्या गावचा, त्या गावच्या क्लबकडून खेळायचं. त्या दिवशीचा गोलकीपर प्राथमिक शाळेत मास्तर होता. चहा आणि सँडविचच्या टेबलावर खेळाडूंच्या आया होत्या. कॉर्क परगण्याचा रंग लाल आणि पांढरा, घराघरावर तसे झेंडे. मी लेकीला म्हटलं, "हे बघ, इथंही तांबडा-पांढरा!"

कोल्हापूरच्या माणसाला हे नवं नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार, बालगोपाल आणि शिवाजी तरुण मंडळ समोरासमोर आले की पेठाच्या पेठा गॅलरीत येऊन बसतात. तालमीच्या नावानं फुटबॉल खेळणारं शहर दुसरं मला ठाऊक नाही. मात्र आपल्याकडं पेठेच्या संघात थेट आफ्रिकेतून खेळाडू आणले गेले. तिकडं तो प्रश्नच येत नाही. पोर गावचं नसेल तर जिंकलं कोण, असं ते विचारतील.

तिकडच्या आपल्या मराठी पोरांशीही बोलणं झालं. त्यांचा पंतप्रधान झालेला लिओ वराडकर वडिलांकडून मूळचा मालवण तालुक्यातल्या वराडचा, याचा सगळ्यांना अभिमान. कोल्हापूरची पोरं भेटली की विषय मिसळ, रस्सा आणि बॅगेतून आणलेली कांदा-लसूण चटणी. गंगावेशीत म्हशीच्या धारेखालून ग्लास तोंडाला लावण्याच्या आठवणी निघाल्या. मी विचारलं, तुमच्या घरी आता म्हशी किती? बहुतेकांचं उत्तर एकच: वडिलांनी विकल्या, बघायला कोण आहे?

त्यांना तिथं सांगितलं तेच इथं लिहितो. आयर्लंड आवडलं तर खुशाल आवडू द्या, देश आहेच तसा. त्यांच्या पडक्या भिंती बघितल्या तशी त्यांची क्रीमरी आणि गावचा क्लबही बघून या. आणि गावाकडं आलात की रस्सा ओरपून परत फिरू नका. पेठेची मॅच तिकीट काढून बघा. सकाळी एकदा संस्थेच्या संकलनाला उभे राहा. घरी माणूस नसेल तर दोन म्हशी अर्धलीनं द्या, पण दावण मोडू नका. कारण संस्थेचा नियम साधा आहे. सभासद राहायचं तर दूध घालावं लागतं.