चार सूत, तेरा नंबर

मृगाच्या आधी अण्णांची जीप सुरू करायची, असं मी दर उन्हाळ्यात ठरवतो. यंदा निदान टाकी काढण्यापर्यंत तरी पोचलो.

जीपमध्ये तेलाची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, हे आजच्या पोरांना सांगितलं तर ती हसतात. अण्णांनी गंगापूर ते लासूर स्टेशन अशा किती खेपा मारल्या, त्याचा हिशेब नाही. कांद्याच्या गोण्या, लग्नाचं वऱ्हाड, अडलेली बाळंतीण. सगळं त्या टाकीवर बसून वाहिलं. संध्याकाळी ते घरात आले की त्यांच्या आधी डिझेलचा वास आत यायचा. शाळेच्या सहलीत एसटी डेपोत शिरली की मला उगाच घरची आठवण यायची, ती त्यामुळेच.

ते गेल्यावर सात पावसाळे जीप बांधावरच्या लिंबाखाली उभी राहिली. आमची माती काळी. ओल धरून ठेवते म्हणून कपाशीला मानवते, लोखंडाच्या मात्र मुळावर येते. टाकी ज्या पत्र्याच्या खळग्यात बसते, तिथं ही माती आणि लिंबाचा पाला मिळून चांगला लगदा झाला होता. चार कोपऱ्यांना चार बोल्ट. खाली पत्र्यालाच वेल्ड केलेले नट. म्हणजे फिरवायचं ते वरचं डोकंच.

वैजापूर रोडवरच्या गॅरेजातले चाचा आले. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. उकिडवे बसून तारेच्या ब्रशनं चारही डोकी घासली आणि आईला म्हणाले, "अम्मा, वाती हैं क्या?" आईनं देव्हाऱ्यातल्या डब्यातून वाती काढून दिल्या. चाचांनी प्रत्येक बोल्टच्या गळ्याभोवती एकेक वात गुंडाळली, टाकीतल्याच उरल्यासुरल्या डिझेलनं भिजवली आणि ते निघून गेले. तीन दिवस आई सकाळ-संध्याकाळ देवापुढे दिवा लावायची आणि मी बोल्टांना तेल घालायचो.

गंजलं म्हणजे झिजलं, असा आपला समज. बाहेरून तसं दिसतंही. पण आट्यांच्या आत लोखंड आधी फुगतं. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा मागतो, आणि नट-बोल्टच्या आट्यांमध्ये मोकळी जागा असते केसाएवढी. ती भरली की दोन लोखंडांचं एक लोखंड होतं.

"गॅस लावला असता तर दोन मिनिटांचं काम," असं कुणीतरी बांधावरून म्हणालंच. खरं आहे. नट तीनशे अंशांनी तापवला तर आठ मिलिमीटरचं भोक मिलिमीटरच्या तीन शतांशांएवढं मोठं होतं, आणि तेवढ्यानं पकड सुटते. पण टाकीशेजारी ज्योत न्यायची कशी? भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त वाईट. तिच्यात तेलाची वाफ आणि हवा दोन्ही असतात. डिझेलची वाफ ठिणगीनं पेट घेते ते तापमान मानकाप्रमाणे ३५ अंशांच्या खाली असू नये, एवढंच बंधन आहे. आमच्याकडे मे महिन्यात सावलीतच चाळीस. चाचांनी गोणपाट ओलं करून टाकीवर टाकलं आणि विषय संपवला.

आता मधेच एक जुनी गोष्ट सांगायला हवी. जीप मूळची अमेरिकेची, युद्धाच्या धामधुमीत १९४१ साली आकाराला आलेली. तिचे बोल्ट इंचांत. आमच्याकडे मिस्त्री इंचाचे आठ भाग करतात आणि एका भागाला सूत म्हणतात. या बोल्टांचं डोकं चार सूत, म्हणजे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. नंतरच्या गाड्या मिलिमीटरच्या. तिथं १३ नंबरचा पाना. फरक ०.३ मिलिमीटरचा. डोळ्याला तो दिसत नाही, पण जोर लावला की पान्याला बरोबर सापडतो.

मी अकरा वर्षांचा असताना अण्णांनी टाकी आवळायला सांगितली होती. मी हाताला आला तो १३ नंबर घेतला. एका बोल्टला तो छान बसला. पुढच्यावर लावून पाइप घालून ओढला, आणि सटकून डोक्याचे कोपरेच गेले. बोल्ट गोल झाला. अण्णांनी पाठीत एक ठेवून दिली. "चार सुती दिसत न्हाई का?" मी रडत म्हणालो, "पहिल्याला बसला होता की!" ते म्हणाले, "खोटं काहून बोलू राह्यला?"

चौथ्या दिवशी चाचांनी सुरुवात केली. आधी डोक्यावर हातोडीच्या हलक्या टिचक्या. मग पाना लावून बोल्ट उलटा नाही, सुलटा, आवळायच्या बाजूला अगदी रेसभर ओढला. कुई असा आवाज आला. "अब खुलेगा." सैल करायचं तर आधी आवळायचं, हे माझ्या पुतण्याला पटलं नसतं. तो वाळूजच्या एमआयडीसीत असेंब्ली लाइनवर आहे. हवेच्या गनने दिवसभर बोल्ट आवळतो, ठरलेला ताण आला की गन आपोआप थांबते. आमच्या गंगापूरची तरणी पोरं आवळायला वाळूजला जातात, सोडवणारे म्हातारे तेवढे गावात उरलेत.

पहिला निघाला. माझा तो गोल झालेला बोल्ट चाचांनी छिन्नीनं खाच पाडून, कडेकडेनं ठोकत, तासाभरात फिरवला. मी त्याच्याकडे फार बघितलं नाही. चौथ्यालाही वातीचं तेल पोचलेलं होतं.

राहिला तिसरा. चाचांनी चार सुती पाना लावला. तो बसेना. घासून पुन्हा लावला. मग पेटीतून दुसरा पाना काढला आणि म्हणाले, "ये तो तेरा का हय."

मी वाकून पाहिलं. घासलेल्या डोक्यावर ८.८ असा शिक्का होता. मिलिमीटरचा बोल्ट. आठ मिलिमीटरचा बोल्ट अडीच सुताच्या नटात शिरल्यासारखा वाटतो, कारण जाडी जवळजवळ सारखी. दोन-तीन फेरे जातोही. पण एकाचे आटे सव्वा मिलिमीटरवर, दुसऱ्याचे त्याहून दाट. पुढं दोघं एकमेकांना चावतात. तरी कुणीतरी तो शेवटपर्यंत दामटला होता. जीपला अण्णांखेरीज कुणाचा हात लागत नव्हता. लग्नसराईची घाई असेल, मूळचा बोल्ट रस्त्यात कुठं पडला असेल, हाताला आला तो घातला असेल.

चाचांनी पाना माझ्या हातात दिला. का दिला, ते त्यांनाच ठाऊक. "जोर नक्को. हाथ से सुनो."

मी ओढत गेलो. बोल्ट दगडासारखा. मग एकदम तो मऊ झाला, पाना लोण्यातून फिरावा तसा फिरला. सुटला, असं मला वाटलं. चाचांचा चेहरा पडला होता. लोखंड सुटतानाही मऊ लागतं आणि तुटण्याआधीही मऊच लागतं. त्या पाव फेऱ्यात हाताला दोन्ही सारखंच कळतं. टक् असा आवाज आला आणि डोकं पान्यातच राहिलं.

टाकी तर सुटलीच. डोकं गेलं की टाकीला धरणारं काही उरत नाही. आम्ही दोघांनी ती उचलून लिंबाखाली ठेवली. खळग्यात पत्र्यातून ८.८चं थोटूक तेवढं वर आलेलं.

आई चहा घेऊन आली. तुटलेलं डोकं तिनं तळहातावर घेऊन बघितलं. "ह्याचंच होतं का काय ते?" तिनं विचारलं. मी हो म्हणालो. तिनं ते पदराला पुसलं आणि वातींच्या डब्यात टाकलं.

"ये नट काट के नवा वेल्ड करता," चाचा म्हणाले, "टाकी दूर हय तब तक. बाकी तीनों सुती टाकू. इधर क्या टाकू, नंबर या सूत?"

"आठचाच टाका," मी म्हणालो. "फक्त नटसुद्धा आठचा टाका, चाचा."