अक्षरं माझी, उच्चार तिचे

मैत्रिणींनो, 'चिता' आणि 'चित्ता' यांत फरक तो केवढा? एका जोड 'त'चा. मुलांच्या वहीत असली चूक सापडली की आपण लाल रेघ मारतो, हसतो आणि पुढच्या वहीकडे वळतो. मीही तेच करत आले. पण असल्याच एका चुकीनं मी शेजारणीच्या डोळ्यांत पाणी आणलं. त्याचीच ही गोष्ट.

ह्यांना इथिओपियात जिम्मा गावी विद्यापीठात शिकवण्याचं काम मिळालं आणि आमचं बिऱ्हाड तिकडे हललं. अदिस अबाबापासून नैर्ऋत्येला सुमारे ३५० किलोमीटरवरचा हा हिरवागार, पावसाळी, कॉफीच्या झाडांचा मुलूख. इथली भाषा ओरोमो. तिला 'अफान ओरोमो' म्हणतात. 'अफान' म्हणजे तोंड, आणि भाषाही. कोट्यवधी लोक ती बोलतात.

आमच्याच आवारात एक आजी नातवासह राहतात. सगळे त्यांना 'अक्को' म्हणतात. अक्को म्हणजे आजी. मला आपली 'अक्का' आठवली आणि पहिल्या दिवसापासून त्या घरच्याच वाटू लागल्या. त्यांची मुलगी आखातात घरकामाला आहे. दिवसा बोलायची सोय नसते, म्हणून रात्री सगळी निजल्यावर ती आईला फोनवर चार शब्द लिहून पाठवते. अक्कोंना वाचता येत नाही. बारा वर्षांचा नातू वाचून दाखवतो.

एका सकाळी नातू शाळेत गेलेला. आठ दिवसांनी मुलीचा निरोप आला होता. अक्को फोन घेऊन माझ्याकडे आल्या. ओरोमो भाषा रोमन लिपीत लिहितात, तेव्हा मला कसली अडचण? बी. ए. झालेली बाई मी! अर्थ कळत नव्हता, पण ठसक्यात वाचून दाखवलं. त्यात एक शब्द होता, तो मी वाचला 'यादे'. अक्कोंचा चेहरा उतरला. उंबऱ्यावरच बसल्या आणि शालीच्या टोकानं डोळे पुसू लागल्या. माझ्या हातापायांतलं बळच गेलं.

दुपारी नातू आला. त्यानं वाचलं, 'याद्दे'. डी एक नव्हता, दोन होते! 'यादे' म्हणजे 'मी काळजी केली' आणि 'याद्दे' म्हणजे 'तू काळजी केलीस'. फोन बिघडला होता म्हणून मुलीनं विचारलं होतं, "आई, काळजी केलीस का गं?" आणि मी मात्र लेकच तिकडे काळजीत बुडाल्याचं आईला ऐकवलं होतं.

अक्को हसल्या, मला कॉफी पाजली. पण दुसऱ्या दिवशी नातवाचं जुनं पहिलीचं पुस्तक घेऊन आल्या आणि समोर ठेवलं. नातवाच्या तोंडून कळलं ते असं, "हिला अक्षरं येतात, मला उच्चार येतात. दोघींनी मिळून शिकायचं."

तुम्ही म्हणाल, साठी उलटलेल्या बाईला स्वतःच्या भाषेतली अक्षरं कशी येत नाहीत? मीही तेच विचारलं. अक्को लहानपणी दोन वर्षं शाळेत गेल्या होत्या, १९७०च्या सुमाराला. तेव्हा सम्राट हैले सेलासींचं राज्य होतं. शाळेची भाषा अम्हारिक. ओरोमोला शाळेत थारा नव्हता, लिहिण्या-छापण्यालाही मज्जाव. गुरुजी काय बोलतात ते कळेना, बोललं की वर्गात हशा. शेवटी घरी बसल्या.

ही भाषा त्याआधी कधी लिहिलीच गेली नव्हती असं मात्र नाही. लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले आणि पुढे सुटका झालेले ओनेसिमोस नेसिब यांनी अख्खं बायबल ओरोमोत आणलं. ते १८९९ साली छापून निघालं. त्यांच्या जोडीला आस्तेर गान्नो ही बाई होती, तीही गुलामीतून सुटलेली. तिच्या आठवणीतल्या कथा-गाण्यांवरून १८९४ साली ओरोमो वाचनपुस्तक तयार झालं. ते सारं होतं गीझ लिपीत. अम्हारिकही याच लिपीत लिहितात. पण त्या लिपीत प्रत्येक व्यंजनाची स्वरांसह सातच रूपं, आणि ओरोमोत पाच ऱ्हस्व नि पाच दीर्घ मिळून दहा स्वर. शिवाय व्यंजन एकेरी की दुहेरी, हे नेहमीच्या लिहिण्यात दिसत नाही. म्हणजे माझा 'यादे-याद्दे'चा घोळ तिथे कागदावरच झाला असता! १९९१ साली राजवट बदलली. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला अदिस अबाबात सभा भरून रोमन लिपीवर बेतलेली वर्णमाला ठरली. तिचं नाव 'कुबे'. अक्कोंची लेक तीच शिकली. आईची शाळा मात्र तोवर संपून गेली होती.

तर मैत्रिणींनो, आमचा वर्ग सुरू झाला. जागा अक्कोंची ओसरी, वेळ कॉफीची. आणि पहिल्याच शब्दाला मी नापास. कुबेमधला 'कु' क्यूनं लिहितात, आणि तो आपला 'क' नव्हेच. जड बादली उचलताना आपण श्वास घशात अडवतो ना, तसा अडवायचा आणि 'क' फोडायचा. कढईत मोहरी तडतडावी तसा तो उडाला पाहिजे. तोंडासमोर तळहात धरून बघा. 'ख' म्हटलं की वाफ हातावर येते, या 'क'ला येता कामा नये. असाच फुटणारा 'त' एक्सनं लिहितात आणि फुटणारा 'च' नुसत्या सीनं. आपला साधा 'च' लिहायला सी-एच. फुटणारा 'प'सुद्धा आहे, तो पी-एच. इंग्रजी शिकलेलीची इथे पक्की फजिती! एक्स दिसला की माझी जीभ 'क्स' म्हणायला धावे. 'थोडं, लहान' याला शब्द आहे 'तिक्को'. तो एक्सनं सुरू होतो आणि मध्ये दोन क्यू. हा एक शब्द घोटायला मला दोन आठवडे लागले. अक्को पदरानं नव्हे, पण शालीनं तोंड झाकून हसत.

डी-एच म्हणजे 'ध' समजू नका हं. जीभ 'ड'सारखी मागे वळवायची आणि आवाज बाहेर न फेकता आत ओढायचा. 'ड' आणि 'ळ' म्हणणाऱ्या आपल्या जिभेला ही जागा ओळखीची, म्हणून हा मला लवकर जमला. या अक्षराचं बक्षीसही गोड. 'बुना' म्हणजे कॉफी, आणि 'कॉफी प्या' म्हणताना जो 'प्या' येतो, तोच 'खरं' या अर्थाचाही शब्द आहे.

मग एक टिंबासारखं चिन्ह, 'हुढा'. तिथे घसा क्षणभर बंद करायचा. मला काही केल्या कळेना. तेवढ्यात अक्कोंचं मांजर दुधाकडे निघालं आणि मी सवयीनं ओरडले, "अं-अं!" अक्कोंनी टाळीच वाजवली. रांगत्या पोराला 'अं-अं, हात नको लावू' म्हणताना मधे जो घसा थांबतो, तोच हुढा! आपण तो रोज वापरतो, फक्त आपल्याकडे त्याला अक्षर नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच. 'दिन' म्हणजे दिवस, 'दीन' म्हणजे गरीब, हे मी मुलांना शिकवलं, पण बोलताना दोन्ही सारखंच म्हणत आले. इथे तसं चालत नाही. दीर्घ स्वर दोनदा लिहायचा आणि तितकाच लांबवायचा. व्यंजनही दुहेरी लिहिलं की त्यावर थांबायचं. 'बदा' म्हणजे वाईट आणि 'बद्दा' म्हणजे डोंगराळ उंच प्रदेश. इथल्या माणसाला 'तुमचा मुलूख बद्दा आहे' म्हणायला जावं आणि जीभ घसरावी, म्हणजे संपलंच!

माझी प्रगती अशी रखडत होती. अक्को मात्र झरझर पुढे गेल्या. एक आवाज, त्याचं एक ठरलेलं लिहिणं. एकदा ओळख पटली की पुढे अडायचं कारणच नाही, कारण शब्द सगळे त्यांच्या तोंडातच होते. तीन महिन्यांनी त्यांनी बाजारातली पाटी थांबून वाचली, 'मना कोरिचा', म्हणजे औषधाचं दुकान. वर्षानुवर्षं त्याच दुकानातून त्या औषध नेत होत्या. पाटीवरून हात फिरवावा तसं त्यांनी नुसतं बघितलं आणि पुन्हा एकदा वाचलं. मी काही बोलले नाही.

परदेशीच कशाला, आपल्या गावातही कामाला येणारी, शेजारी राहणारी एखादी बाई वेगळी भाषा बोलते. तिच्याकडून तिचं नाव तरी नीट म्हणायला शिका. आपण चुकतो तेव्हा ती हसते, आणि आपल्याला शिकवता शिकवता चार घटका ती मास्तरीण होते. ते सुख मी अक्कोंच्या चेहऱ्यावर पाहिलं आहे.

गेल्या आठवड्यात लेकीचा निरोप आला. अक्कोंनी तो स्वतः वाचला, ओठ हलवत, एकट्यानं. काय होतं ते त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. लेक-आईचं ते त्यांच्यापाशीच राहू दे. मग उत्तर लिहायला बसल्या. दोनच शब्द होते, 'हिन यादिन', काळजी करू नकोस. बोट फोनवर थांबलं आणि माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "इथे डी एकच ना?"

मी तो शब्द मनात म्हणून पाहिला, पुन्हा म्हणून पाहिला, आणि मगच मान हलवली.